उबेला ठेवलेलं नाव

हेव्हरिल, मॅसॅच्युसेट्स
१२ जून

कोलेत पोरी,

तू टेनेसीला सुखरूप पोचलीस असं धरून चालते, कारण पोचली नसतीस तर आतापर्यंत कोणीतरी कळवलं असतं. पत्र लिहीन म्हणाले होते, लिहितेय. फोनवर माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, तू तिकडून "मेमेर, ऐकू येतंय का" एवढंच ओरडत राहतेस आणि शेवटी दोघी दमून ठेवून देतो. अक्षराला हसू नकोस. चर्चच्या शाळेतल्या सिस्टरांनी मला आठवीपर्यंत शिकवलं, पुढचं सगळं बुटांच्या कारखान्यात, आणि तिथं बाईचं अक्षर कोणी बघत नाही, टाका बघतात.

परवाचा तुमच्या कारखान्यातला घरच्या माणसांचा दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी चर्चला घालायचा निळा कोट घातला होता, उकडत होतं तरी काढला नाही, कारण आतल्या ब्लाउजला इस्त्री नव्हती. मला वाटलं होतं हेलिकॉप्टरचं इंजिन म्हणजे निदान आपल्या गाडीएवढं तरी असेल. ते तर आपल्या न्हाणीघरातल्या टबाएवढंही नाही. आणि तू सांगत होतीस, जुन्याच्याच जागेत बसेल, जुन्यापेक्षा कितीतरी जास्त उचलेल आणि वर तेलही कमी पिईल. मी म्हटलं, असा नवरा मिळाला असता तर. तुझ्या साहेबांना हसू आवरेना. प्रुइट ना त्यांचं नाव? भला माणूस, पण खाण्याकडे लक्ष नाही, मनगटं बघितलीस का.

मग इंजिनाच्या त्या पांढऱ्या झाकणावर सगळ्यांनी जाड निळ्या पेनानं नावं लिहिली. मी पण लिहिलं, रोलांद पेल्तिए, पुढं कुठल्या चर्चची तेही लिहिणार होते पण मागं रांग होती. तू मला दुसऱ्या टेबलाकडे नेलंस, अजून आत बसवायची राहिलेली, कापसात ठेवलेली ती भोकाभोकांची चाळणी दाखवलीस आणि म्हणालीस, मेमेर, आग हिच्या आत असते. मला सगळ्या इंजिनात तीच आवडली. माझे गुडघे बोलायला लागले म्हणून तू खुर्ची आणायला गेलीस, तेवढ्यात मी माझं एक काम उरकलं. काय ते आत्ता सांगत नाही.

घरी आले तर खालच्या मजल्यावरची स्ताव्हरूला पायरीवर बसलेली. म्हणते, नात लढाईचं यंत्र बनवते आणि तू अशी मिरवतेस. मी म्हटलं, माझी नात माणसं उचलायचं यंत्र बनवते. ती उठून आत गेली. मग लिंबू घातलेलं सूप घेऊन आली, म्हणजे हरली.

नीट जेव. शनिवारी घेवडे शिजवशील तेव्हा डुकराच्या चरबीत हात आखडू नकोस.

तुझी मेमेर


टेनेसी
३० जून

मेमेर,

तुझं पत्र आम्ही इथे जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं. नवऱ्याच्या वाक्याला प्रुइट पुन्हा हसले. मनगटांचं वाक्य मी गाळलं.

आपलं इंजिन इथे चाचणीला येऊन पोचलं, जोडून झालं, काल पहिल्यांदा चालू केलं. तुला आधीच सांगून ठेवते, हे पहिलं इंजिन कधीच उडायचं नाही. याला जमिनीवर बांधून छळायचं असतं. वाळू खायला घालायची, बर्फ खायला घालायचा, आणि शेवटी इतका वेळ इतकं तापवायचं की कुठे मोडतं ते कळावं. याच्यावरून जे शिकू ते पुढच्या इंजिनांना.

एक विचारायचं राहिलं. झाकणावर माझ्या नावाशेजारी मी मुद्दाम जागा ठेवली होती. तू रेमीचं नाव का नाही लिहिलंस? मला वाटलं विसरलीस, पण तू त्याला विसरणारी नाहीस.

इथे भिंतीवर एकच आकडा आहे. त्या डोंगराच्या उंचीवर, त्या दुपारच्या उन्हात, हेलिकॉप्टर किती वजन उचलेल. सगळे तो पौंडांत वाचतात. मी माणसांत वाचते. उन्हानं हवा पातळ होते, उंचीवर आधीच पातळ असते, आणि त्या दिवशी जुन्या इंजिनाला फक्त एक माणूस जड झाला होता. म्हणून पायलटनं सांगितलं आणि आपला रेमी, माझा भाऊ, उतरला तो परत आलाच नाही. अकरा वर्षं मी या कामात आहे ती त्या एका माणसासाठी. हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. प्रुइटना अंदाज असावा.

गुडघ्यांना लावायचं मलम पाठवते आहे.

तुझी कोलेत


हेव्हरिल
११ जुलै

कोलेत पोरी,

मलम मिळालं. वास घोड्यांच्या तबेल्यासारखा येतो, पण उपयोग होतो. स्ताव्हरूलाच्या खांद्यालाही लावलं, आता आम्ही दोघी सारख्याच वासाच्या आहोत.

उडणार नाही तर नाही. रेमीला कुठं उडायची हौस होती, त्याला जत्रेतल्या पाळण्यातही मळमळायचं. तू आत बसून हसायचीस आणि तो बाहेर पोटाशी टोपी धरून. तुम्हा दोघांना एकाच वेळी तिकिटं काढून दिली तरी मला एक नेहमी परत मिळायचं.

झाकणावर त्याचं नाव मी मुद्दामच नाही लिहिलं. ती जागा त्याची नव्हे, वाऱ्यावरची. तू त्याची काळजी करू नकोस. त्याला मी उबेला ठेवलंय. एवढं सांगते आणि गप्प बसते, नाहीतर सगळंच सांगून टाकेन.

चर्चच्या तळघरात शुक्रवारी पत्ते झाले. मी आणि स्ताव्हरूला जिंकलो. फादर म्हणाले, रोलांद, गुण तूच लिहितेस आणि तूच जिंकतेस. मी म्हटलं, फादर, तुम्हीच प्रार्थना म्हणता आणि तुम्हीच स्वर्गात जाणार, आम्ही कधी काही बोललो का.

तुझी मेमेर


टेनेसी
४ ऑगस्ट

मेमेर,

कळलं मला. रेमीचा फोटो तू बैठकीतून काढून स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर नेलास ना? छान केलंस. तिथे तू दिवसभर असतेस. फक्त तेलकट वाफेपासून जप, काच लावून घे.

इंजिनानं वाळू खाल्ली. पोतं भरून. पाती थोडी झिजली, तरी जोर टिकला. मग बर्फ खाल्ला. आता पुढच्या महिन्यापासून लांबचं तापवणं सुरू. इथे सगळे त्याच्याविषयी आजाऱ्यासारखं बोलतात, आज कसं आहे, रात्र कशी गेली. परवा एक तंत्रज्ञ बंद खोलीच्या काचेतून त्याला "शाब्बास रे बाळा" म्हणाला आणि मग आम्ही बघतोय हे कळल्यावर घड्याळ बघायला लागला.

आकडा चांगला येतोय, मेमेर. माणूस बसतोय. नुसता बसत नाही, शेजारी त्याची पिशवीपण ठेवता येईल.

तुझी कोलेत


हेव्हरिल
२२ ऑगस्ट

कोलेत पोरी,

फोटोचं वाचून मी इतकी हसले की स्ताव्हरूलानं खालून छताला झाडू मारला. फोटो होता तिथंच आहे. तू एवढी शिकलीस आणि तुला एवढंही सुचू नये. राहू दे, ख्रिसमसला येशील तेव्हा मांस भरून भाजलेली पाई कापताना सांगेन, तुझ्या तोंडात घास असताना, म्हणजे मध्येच बोलायची नाहीस.

पिशवीपण बसेल हे वाचलं. बटाटे तसेच राहिले.

मी बुटांच्या कारखान्यात लागले तेव्हा सतरा वर्षांची होते. व्हिएतनामची लढाई सुरू झाली आणि आमच्याकडे लष्कराचे बूट आले. आमच्यात अशी पद्धत होती की बुटाची लेसखालची जीभ जिनं शिवली तिनं जिभेच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं आपला नंबर घालायचा. शाईनं नाही, शाई घामानं मोज्याला लागते. म्हणजे टाका उसवला तर कोणाचा ते फोरमनला कळावं. मी नंबराशेजारी एक छोटा क्रूसही काढायचे. फोरमन एकदा म्हणाला, हे काय. मी म्हटलं, माझा नंबर असाच आहे. तो आयरिश होता, आपल्यासारखाच कॅथलिक, त्याला कळलं, तो पुढच्या मशीनकडे गेला. ती पोरं ते बूट घालून कुठं चालली आहेत ते आम्हाला माहीत होतं ना. आत लिहिलेलं कोणाला दिसत नाही, घालणाऱ्यालाही नाही, पण ते त्याच्याबरोबर जातं. बाहेर लिहिलेलं धुऊन जातं.

तर असं. आता बटाटे.

तुझी मेमेर


टेनेसी
१९ ऑक्टोबर

मेमेर,

बरेच दिवस लिहिलं नाही. काम वाढलंय. इंजिन सध्या बंद आहे, उघडून बघतोय, असं करावंच लागतं.

एक सहज विचारते. जूनमध्ये कारखान्यात आलीस तेव्हा पर्समध्ये पेन्सिल होती का?

तुझी कोलेत


हेव्हरिल
२६ ऑक्टोबर

कोलेत पोरी,

सापडलं तर. मला वाटलंच होतं की तुलाच सापडणार, दुसऱ्या कोणाला नाही. ख्रिसमसपर्यंत थांबली नाहीस, लहानपणीही भेटवस्तूंचे कागद आधीच उचकटायचीस.

हो गं, पत्त्यांचे गुण लिहायची माझी बुटकी पेन्सिल पर्समध्ये असतेच. तू खुर्ची आणायला गेलीस, त्या टेबलापाशी कोणी नव्हतं, सगळे झाकणाकडे फोटो काढत होते. मी कापूस बाजूला केला आणि चाळणीच्या आतल्या अंगाला, भोकं चुकवून, त्याचं नाव लिहिलं. रेमी, एवढंच. आडनाव लिहिलं नाही, आत जागा कमी. जोरही दिला नाही, म्हटलं इतकी सुंदर वस्तू, ओरखडा नको उठायला. मग कापूस होता तसा ठेवला. तू खुर्ची घेऊन आलीस तेव्हा मी अगदी साळसूद उभी होते. तू म्हणालीस, मेमेर, गाल का लाल झालेत. मी म्हटलं, कोट.

का ते तुला सांगते. त्याचा कॅप्टन आपल्याकडे आला होता तेव्हा तू कॉलेजला परत गेली होतीस. माझ्या स्वयंपाकघरात बसला, पाईचा तुकडा खाल्ला नाही, नुसता काट्यानं इकडचा तिकडे केला. तो म्हणाला, रेमीनं उतरताना स्वतःचं जॅकेट काढून आतल्या जखमी पोराच्या अंगावर टाकलं. त्याच्या स्वतःच्या पायातून रक्त जात होतं ते कोणाला बोलला नाही. हेलिकॉप्टर दुसरी फेरी मारणार होतं, पण दरीत धुकं भरलं आणि ते सकाळी आलं. डोंगरावरच्या रात्री कशा असतात ते रेमीनं मला आधीच्या पत्रांत लिहिलं होतं, मेमेर लोकरीचे मोजे पाठव, दोन जोड पाठव. मोजे होते गं त्याच्या पायात. जॅकेट नव्हतं. तेव्हापासून पहिला बर्फ पडला की माझ्या मनात तेवढंच येतं, जॅकेट नव्हतं.

तू मला जगातली सगळ्यात ऊबदार जागा बोटानं दाखवलीस, मग मी तरी काय करणार.

आता सांग, नाव नीट दिसतंय का? तिथं तर भरपूर ऊब असेल.

तुझी मेमेर


टेनेसी
१४ नोव्हेंबर

मेमेर,

हे पत्र मी चारपाच वेळा लिहून फाडलं. याहून सोपं लिहिता येत नाही.

नाव दिसतं. तुझं "रे" अक्षर मी कुठेही ओळखीन.

चाळणीला तडा गेला म्हणून इंजिन बंद पडलं. मी दिव्याखाली भिंग धरलं तेव्हा तडा सरळ रेषेत जात नव्हता. तो तुझ्या अक्षरांमागे वळत होता. पेन्सिलीतलं शिसं, म्हणजे कार्बन, नुसतं वर राहत नाही, मेमेर. धातू इतका तापला की ते आत मुरतं आणि तिथला धातू ठिसूळ होतो. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, आगीच्या भागांवर पेन्सिल टेकवायची नाही. तुला हे कोणी सांगायचं? मी सांगायचं. पाहुण्याला त्या टेबलापाशी एकटं सोडायचं नाही हाही नियम होता, आणि तुझी जबाबदारी माझ्यावर होती. तुझं ऑगस्टचं बुटांचं पत्रही माझ्या हातात होतं. मी ते हसत वाचलं आणि खणात ठेवलं.

मी अजून कोणाला बोललेले नाही. बाकीच्यांना तिथे फक्त एक डाग दिसतो. चाळणी इतकी आग सोसत नाही, असं सगळ्यांचं मत होत चाललंय. थँक्सगिव्हिंगनंतर निर्णय व्हायचा आहे. आग थोडी मंद करायची, कायमची, पुढच्या सगळ्या इंजिनांत. मंद आगीवर इंजिन चांगलं चालेल, टिकेल, कोणी तक्रार करणार नाही. फक्त भिंतीवरचा आकडा खाली येईल. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. एक माणूस कमी बसतो, मेमेर. एकच.

मी बोलले तर हे टळतं. मग मला या इंजिनावर ठेवणार नाहीत, ते योग्यच आहे. आणि ते तुझ्याकडेही येतील, प्रश्न विचारतील, तुझं नाव कागदावर जाईल. तू सगळ्या चर्चला सांगून बसली असशील, मला माहीत आहे तुला.

तुझ्यावर रागावले नाही. हे एवढं वाक्य मात्र पहिल्या प्रयत्नात लिहिता आलं.

कोलेत


हेव्हरिल
१८ नोव्हेंबर

कोलेत,

सांग.

माझं नाव पूर्ण लिही. रोलांद पेल्तिए, बुटांच्या जिभा शिवणारी. कोणी विचारायला आलं तर मी घरीच आहे. तू खुर्ची आणायला गेली होतीस, माझ्यासाठी गेली होतीस, तेही त्यांना सांगेन.

आज सांग. सणाची वाट बघू नकोस.

मेमेर


टेनेसी
३ मार्च

मेमेर,

तू पत्र लिहीत नाहीस. स्ताव्हरूलाला फोन केला होता. ती म्हणाली, जेवते, चर्चला जाते, पत्त्यांना येत नाही, आणि चौकशीला घरी आलेल्या त्या दोन माणसांना पाई खाऊ घातली. मला हसू आलं आणि मग आलं नाही. ख्रिसमसला येता आलं नाही, चौकशी संपेपर्यंत इथून हलायचं नाही असं सांगितलं होतं.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी प्रुइटकडे गेले. सगळं सांगितलं, जॅकेटपर्यंत. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "म्हणजे पहाऱ्यावरच्या इतक्या माणसांना चुकवून एक म्हातारी पेन्सिल घेऊन आत गेली." मला वाटलं हसतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला घरी जायला सांगितलं.

नोकरी राहिली. इंजिन गेलं. आता मी दुसऱ्या इमारतीत आहे, जहाजांच्या जुन्या इंजिनांच्या सुट्या भागांवर. काम वाईट नाही. इथे सगळे हळू बोलतात. इंजिनाच्या इमारतीत मला जाता येत नाही, रस्त्यावरून आवाज ऐकू येतो तेवढाच.

त्यांनी नवी चाळणी बसवली, तशीच, तेवढीच आग. गेल्या गुरुवारी लांबचं तापवणं पूर्ण झालं. उघडून बघितली तर एक रेघही नाही. मला कोणी कळवायचं नसतं आता. तरी प्रुइटनी फोन केला. "कोलेत," ते म्हणाले, "तुझा जास्तीचा माणूस बसला." आणि ठेवून दिला.

तडकलेली चाळणी पुरावा म्हणून कुलपात आहे, ती आपल्याला मिळणार नाही. पण प्रुइट म्हणाले, हवं असेल तर पांढऱ्या झाकणावर त्या निळ्या पेनानं रेमीचं नाव ते स्वतः लिहितील. माझ्या नावाशेजारची जागा अजून रिकामी आहे. लिहायला सांगू का?

तुझी कोलेत


हेव्हरिल
१६ मार्च

कोलेत पोरी,

लिहिलं नाही कारण हात पेनाला लागत नव्हता. मी एवढ्या आनंदानं केलेली गोष्ट होती गं. कोणाला तरी छान काही द्यावं आणि त्यानंच त्याचा हात भाजावा, तसं झालं. मी रात्रंदिवस त्याचाच विचार करत होते असं नाही, खोटं कशाला बोलू, टीव्हीही बघत होते. पण भांडी घासताना यायचं. आत लिहिलेलं त्याच्याबरोबर जातं असं मला वाटायचं. ते त्याला फाडतही जातं हे कोणाला ठाऊक.

ती दोन माणसं आली होती तेव्हा बर्फ पडत होता. तरणी पोरं, ओले बूट दारात काढून मोज्यांनी बसली. एकाच्या मोज्याला भोक होतं. मी जे घडलं ते सांगितलं, खुर्चीचंही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मला सही करायला लावली. सहीला पेन दिलं, पेन्सिल नाही, मी म्हटलं बरोबर आहे, माझ्यावर भरवसा ठेवू नका. त्यांतला मोठा हसला. भोकाच्या मोज्याचा नाही हसला, तो रेमीच्या फोटोकडे बघत होता. जाताना म्हणाला, माझा भाऊ तिकडं होता. मी त्याला पाई बांधून दिली.

गुणांची पेन्सिल मी स्ताव्हरूलाला देऊन टाकली. आता गुण ती लिहिते आणि आम्ही आणखीनच जिंकतो. हो, गेल्या शुक्रवारपासून मी पत्त्यांना जातेय. फादरनी काही विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

तुझं इंजिन गेलं याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटणं जायचं नाही. तू लहान असताना टोस्टर उघडून बसायचीस आणि मी ओरडायचे, तेव्हापासून तू त्याच वाटेला लागली होतीस, आणि वाटेच्या टोकाशी मीच पाय आडवा घातला. तू "रागावले नाही" असं लिहिलंस. मी ते पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय.

आता झाकणाचं. प्रुइटना सांग, फार आभार, पण नको. मी खूप विचार केला. त्याचं नाव मी तिथं लिहिलं कारण मला त्याला कुठंतरी ठेवायचं होतं. पण त्याची जागा इंजिनात नव्हतीच, कोलेत. त्याची जागा आत बाकावर होती, त्या पोरांच्या शेजारी, आणि ती तू करून दिलीस. तिथं कोणी बसेल त्याचं नाव मला माहीत नाही आणि मला लिहायचंही नाही. तुझ्या नावाशेजारी रिकामं आहे ते रिकामंच असू दे, कोणी विचारलं तर माणूस चढतोय म्हणून सांगा.

ईस्टरला ये. हॅम मोठा घेतलाय, स्ताव्हरूला लाल अंडी करेल, तिच्या ग्रीक चर्चचा सण नंतर असतो तरी करेल. आणि प्रुइटना तेवढा एक निरोप दे, पायलट लोकांना त्यांच्या तोंडून कळू दे. तो जो शेवटचा चढेल, त्याला म्हणावं, जॅकेट अंगातच असू दे.

तुझी मेमेर